सर्व्हे उन्हाळ्यात, फूल पावसाळ्यात!

मेळघाट म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? होस्टेलमध्ये दहा जणांना विचारून बघा. नऊ जण म्हणतील, "वाघ!" आणि दहावा म्हणेल, "चिखलदरा, धुकं आणि गरमागरम भजी!" बरोबरच आहे म्हणा. १९७३ मध्ये प्रोजेक्ट टायगर सुरू झाला तेव्हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आपल्या मेळघाटचा नंबर लागला. तेव्हापासून मेळघाट म्हणजे वाघ हे समीकरण पक्कं झालं. पण मित्रांनो, आज मला वाघाविषयी लिहायचं नाही. त्याच्या पायाखालच्या मातीत, वीतभर खोलीवर राहणाऱ्या एका जिवाविषयी लिहायचंय. तो डरकाळी फोडत नाही, त्याच्यासाठी कोणी जिप्सी बुक करत नाही, आणि वर्षातले सात-आठ महिने तर तो कोणाला दिसतसुद्धा नाही.

त्याचं नाव सफेद मुसळी.

"अरे, ती पावडरवाली?" असं म्हणून काही जण गालातल्या गालात हसतील. हसा, हसा! पावडरीचा विषय पुढे येणारच आहे. आधी झाडाची ओळख करून घेऊ. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये वर्ड्‌स्वर्थची डॅफोडिल्सवरची कविता पाठ करून घेतली होती. विदर्भाच्या उन्हात वाढलेल्या चाळीस मुलांना हजारो मैलांवरचं एक कंदाचं फूल तोंडपाठ, पण शंभर किलोमीटरच्या आतलं आपलं फूल माहीत नाही, अशी आपली सगळ्यांची गत. म्हणून हा लेख.

परतवाड्याहून धारणीकडे निघालं की घाट ओलांडून सिपना नदीच्या काठी सेमाडोह लागतं. तिथून एक फाटा वर चिखलदऱ्याला जातो. या भागातल्या सागाच्या जंगलात पहिले चार-दोन जोराचे पाऊस झाले की जमिनीतून लांबट हिरव्या पात्यांचे झुबके वर येतात. गवतच वाटतं. जुलैच्या सुमारास त्या झुबक्यातून एक दांडी निघते आणि तिच्यावर सहा पाकळ्यांची पांढरी, चांदणीसारखी फुलं येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत पानं पिवळी पडतात, वाळतात आणि संपलं! वर काहीच उरत नाही. खाली मात्र पांढऱ्या, जाड, बोटांसारख्या मुळांचा एक घोस जिवंत असतो. तो पुढच्या जूनपर्यंत झोपून राहतो.

काटेकोर बोलायचं तर मुसळी हा कांद्यासारखा 'बल्ब' नाही. अन्न साठवून फुगलेली ती मुळं आहेत. खरा बल्ब बघायचा तर सातपुड्यातला कोळकांदा बघावा. त्याची तऱ्हा आणखी न्यारी, भर उन्हाळ्यात पानं नसताना फुलाची दांडी बाहेर काढतो आणि पानं मागाहून पावसाळ्यात. कळलावीचा कंद वेगळा, काळ्या मुसळीचा वेगळा. पण सगळ्यांची युक्ती एकच आहे. चार महिने कमवायचं आणि आठ महिने जमिनीखाली बसून ते पुरवायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर बॅटरी चार्ज करायची आणि स्टँडबायवर जायचं!

मुसळीचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियॅनम. नावात काही ओळखीचं वाटतंय का? होय, आपल्या मुंबईतलं बोरिवली! फादर सांतापाव आणि फर्नांडिस या अभ्यासकांनी १९५० च्या दशकात या वनस्पतीचं वर्णन केलं आणि बोरिवलीचं नाव तिला दिलं. सांतापाव हे मूळचे स्पेनचे जेझुइट धर्मगुरू. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकवत आणि पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले. स्पेनहून आलेल्या माणसानं आपल्या डोंगरावरचं गवतासारखं दिसणारं झाड वाकून बघितलं, त्याला नाव दिलं. आणि ठाणे-पालघरकडच्या बायका तर त्याच्या कितीतरी आधीपासून या झाडाची कोवळी पानं कुलू, फोडशी म्हणून खुडून भाजी करत आल्या आहेत. पानं खुडली तर झाड मरत नाही. मूळ खणलं की मात्र गोष्ट वेगळी होते.

इथेच खरा घोळ आहे. मुसळीची बोटं ज्या चकतीला जोडलेली असतात त्या चकतीवर पुढच्या वर्षीचा डोळा असतो. बोट तोडून घेतलं आणि चकती मातीत परत दाबली तर झाड पुन्हा येऊ शकतं. सगळा घोस उपटून पोत्यात भरला तर त्या जागी पुढच्या पावसाळ्यात काहीच नाही. बियांवर फार भरवसा ठेवता येत नाही, कारण त्यांची उगवण कमी असते. म्हणजे झाड एका मिनिटात निघतं, आणि त्याची जागा भरायला किती वर्षं लागतील ते पावसाच्या मर्जीवर.

आता प्रश्न येतो की ही मुसळी धोक्यात आहे का? जंगलातली मुसळी विरळ होत चालली आहे असं अभ्यासक बऱ्याच वर्षांपासून सांगताहेत. पण 'धोक्यात' हा शब्द आपण वापरतो तितका सैल नाही. आय.यू.सी.एन. ही जागतिक संस्था जी लाल यादी करते तिचे निकष अगदी आपल्या डिझाइन कोडसारखे आकड्यांत आहेत. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, जो काळ जास्त असेल त्यात, संख्या ३० टक्के घटली तर एक श्रेणी, ५० टक्के घटली तर दुसरी, ८० टक्के घटली तर अतिधोक्याची. छान! पण घट काढायला पहिलं रीडिंग लागतं की नाही? लॅबमध्ये पहिलं रीडिंग न घेता कोणी दुसरं दाखवलं तर सर जर्नल फेकून देतील. वाघांची देशव्यापी मोजणी २००६, २०१०, २०१४, २०१८ आणि २०२२ अशी दर चार वर्षांनी झाली. मुसळीची अशी मोजणी होत नाही. मेळघाटात कोणकोणत्या वनस्पती आहेत याची नोंद ढोरे आणि जोशी यांनी १९८८ मध्येच ग्रंथरूपात करून ठेवलीय. पण 'काय आहे' ही यादी झाली, 'किती आहे' हा वेगळा प्रश्न आहे.

कायद्याचं बघा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात वनस्पतींसाठी वेगळं प्रकरण आलं १९९१ मध्ये, आणि तेव्हा यादीत होत्या फक्त सहा नोंदी. मुसळी त्यात नव्हती. मग सेमाडोहच्या जंगलात तिला कोण वाचवतं? वाघच! अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय काहीच काढून न्यायचं नाही असा नियम आहे, म्हणून तिलाही संरक्षण मिळतं. थोडक्यात, मुसळीला स्वतःच्या नावानं काही नाही, पत्त्यामुळे मिळतं. पत्ता बदलला, जंगलाची हद्द संपली, की तिचा वाली कोणी नाही.

आता पावडरीकडे येऊ. आपल्या होस्टेलच्या कोणत्याही विंगमध्ये जा, जिमला जाणाऱ्या निदान दोन-तीन पोट्ट्यांच्या खिडकीत 'शक्तिवर्धक' डबा दिसेलच. मी माझ्या एका मित्राला विचारलं, "काऊन बे, यात काय असते?" तो म्हणाला, "हर्बल आहे ना भाऊ, जंगलातून येते, साइड इफेक्ट नाही." वा! साइड इफेक्ट तुझ्या शरीरावर नसेल, पण ज्या टेकडीवरून ते मूळ आलं तिच्यावर झाला त्याचं काय? 'जंगलातून येते' हे आपण कौतुकानं म्हणतो आणि तीच तर खरी तक्रार आहे.

गंमत म्हणजे मुसळीसाठी जंगलात जायची गरजच नाही. आपल्याच वऱ्हाडात अकोट आणि अंजनगाव सुर्जीच्या पट्ट्यात पानपिंपरीबरोबर सफेद मुसळीचीही शेती होते. २००० मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळानं ज्या ३२ वनस्पतींना प्राधान्य दिलं त्यात सफेद मुसळी आहे, कळलावीसुद्धा आहे. त्याच सुमारास मुसळीच्या शेतीची मोठी लाट आली होती. एकरी लाखोंचे हिशेब कागदावर मांडले गेले, महागडं बेणं विकलं गेलं आणि भाव कोसळल्यावर पुष्कळ शेतकरी पोळले. तरीही ज्यांनी हे पीक टिकवलं त्यांच्याकडून घेतलेलं मूळ आणि टेकडीवरून उपटलेलं मूळ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मग डब्यावर एवढं तरी छापायला लावा ना, की ही मुसळी शेतातली आहे का रानातली!

कोणी म्हणेल, मग खणणाऱ्या कोरकूंना पकडा. माझा याला ठाम विरोध आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची जी व्याख्या आहे तिच्यात औषधी वनस्पती, मुळं आणि कंद यांची नावं स्पष्ट लिहिली आहेत. पिढ्यान् पिढ्या जे लोक या जंगलात राहिले त्यांचा त्यावर हक्क आहे. चुलीपुरतं कंद काढणाऱ्या बाईमुळे डोंगर रिकामा होत नाही. पोत्यांचा हिशेब करणारा व्यापारी, आणि त्याला गिऱ्हाईक पुरवणारे आपण, हे खरे पात्र आहेत. उलट कुठल्या उतारावर काय येतं आणि किती कमी झालं हे कोणाला विचारायचं असेल तर त्या बाईलाच विचारावं लागेल. आपल्याकडे जीपीएस आहे, तिच्याकडे तीस पावसाळे आहेत.

आता मुख्य मुद्दा. तो आपल्या धंद्याचा आहे, म्हणून सिव्हिलवाल्यांनी जरा सरसावून बसावं.

मुसळीचा सगळा संसार जमिनीच्या वरच्या वीतभर थरात असतो. हलकी, पालापाचोळ्यानं भुसभुशीत झालेली, पाणी न साचणारी, थोडं ऊन मिळणारी माती, उताराची किंवा झाडीतल्या मोकळ्या जागेची. आणि रस्त्याचं काम सुरू झालं की आपण पहिल्यांदा काय काढतो? वरचा थर! तो 'निरुपयोगी', कारण त्यात मुळं, काड्या, पाला असतो आणि भरावाला तो चालत नाही. केंद्राच्या रस्ते मंत्रालयाचं जे स्पेसिफिकेशन आपण टर्मवर्कमध्ये कॉपी करतो त्यात लिहिलंय की वरची माती जास्तीत जास्त १५० मिलिमीटरपर्यंत काढायची, वेगळी साठवायची, ढीग २ मीटरपेक्षा उंच करायचा नाही आणि नंतर ती उतारांवर पसरायची. म्हणजे नियम करणाऱ्यानं या मातीची किंमत ओळखली होती. प्रत्यक्ष साइटवर काय होतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. जेसीबी येतो, माती दरीत ढकलतो आणि बिलात 'साइट क्लिअरन्स' म्हणून एक ओळ पडते. त्या एका ओळीत कितीतरी पावसाळे गाडले जातात.

"पण आधी सर्व्हे करतात ना!" करतात. कधी करतात ते बघा. आपली कामं ऑक्टोबर ते मे या काळात चालतात, कारण पावसात काम होत नाही. सर्व्हेही त्याच काळात. २०१५ मध्ये पर्यावरण मंत्रालयानं खाण प्रकल्पांसाठी ज्या प्रमाणित अटी प्रसिद्ध केल्या त्यात पायाभूत माहिती 'पावसाळा सोडून' एका ऋतूची गोळा करायला सांगितली होती. आणि त्या माहितीत हवा, पाणी, आवाज, माती यांच्याबरोबर वनस्पती आणि प्राणीसुद्धा होते! हवेसाठी हे एकदम बरोबर आहे. पावसानं धूळ बसते, रीडिंग खोटं कमी येतं, म्हणून पावसाळा टाळायचा. पण जी वनस्पती फक्त पावसाळ्यातच वर येते तिच्यासाठी हा नियम म्हणजे रात्रपाळीच्या कामगारांची हजेरी दुपारी बारा वाजता घेण्यासारखं झालं! मार्च महिन्यात सेमाडोहच्या उतारावर कितीही प्रामाणिक माणूस फिरला तरी तो काय लिहिणार? 'वाळलेलं गवत आणि सागाची पानं.' तो खोटं बोलत नाही. पण मुसळी त्याच्या बुटाखाली झोपलेली असते.

इथे लबाडी कोणाचीच नाही, तरी नुकसान होतं. मला हेच जास्त गंभीर वाटतं. लाचखोर माणूस पकडता येतो. चुकीच्या महिन्यात केलेला सर्व्हे फाइलमध्ये अगदी स्वच्छ दिसतो.

आता तुमच्यातले काही जण म्हणतील की मग काय, एका गवतासाठी रस्ते करायचे नाहीत? मेळघाटातल्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला अॅम्ब्युलन्स नको? पाहिजे! शंभर टक्के पाहिजे. सेमाडोहच्या माणसाला चांगला रस्ता नको असं म्हणण्याचा अधिकार अमरावतीत डांबरी रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या मला नाही. अकोला-खंडवा ब्रॉडगेज मेळघाटातून न्यायची की वळवायची यावर वर्षानुवर्षं वाद झाला. तिथे वाघ होता म्हणून वाद तरी झाला. मुसळीसाठी कोणी रेल्वे वळवणार नाही, आणि मी तशी मागणीही करत नाही. माझी मागणी फार छोटी आहे. जंगलातल्या कुठल्याही कामाआधी जुलै-ऑगस्टमध्ये दोन दिवस त्या पट्टीवरून गावातल्या जाणत्या माणसाला घेऊन चाला. जिथे झुबके दिसतील तिथे खुंट्या ठोका. काम सुरू व्हायच्या आधी तेवढे घोस मातीसकट उचलून शेजारच्या तशाच उतारावर लावा. आणि वरची माती स्पेसिफिकेशनप्रमाणे बाजूला ठेवून परत पसरा. एका किलोमीटरच्या रस्त्याच्या खर्चात हे कुठे दिसणारसुद्धा नाही.

इंग्लंडमधलं ब्लूबेल हेही कंदाचंच फूल. ते दुर्मिळ नाही, वसंतात तिथली जंगलंच्या जंगलं निळी होतात. तरीसुद्धा १९९८ मध्ये त्यांनी जंगली ब्लूबेलचे कंद काढून विकण्यावर बंदी घातली. भरपूर होतं तेव्हाच कायदा केला, कारण संपत आल्यावर केलेल्या कायद्याला राखायला काही उरत नाही. आपण यादीत नाव येण्याची वाट बघतोय. यादीत नाव यायला आकडा लागतो, आणि आकडा घ्यायला पावसाळ्यात कोणी जात नाही. असं हे चक्र आहे.

ते तोडायला आपल्यासारख्या कॉलेजनं काय करावं? मला सुचतं ते लिहितो.

आपला सर्व्हे कॅम्प दरवर्षी हिवाळ्यात होतो, तो होऊ द्या. पण त्याला जुलैतला एक दिवस जोडा. वनखात्याची रीतसर परवानगी घ्यायची, एक मीटर बाय एक मीटरचे ठरावीक चौकोन आखायचे, त्यातले झुबके मोजायचे आणि दरवर्षी तेच चौकोन पुन्हा मोजायचे. पाच वर्षांत पाच रीडिंग! मोजायला बॉटनीची पदवी लागत नाही, ओळखायला मात्र गावातला माणूस लागतो, तर त्याला त्याच्या दिवसाची मजुरी द्या. कॉम्प्युटरवाल्यांनी त्याचा डेटाबेस करावा. शेजारचं हरिसाल २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून देशभर गाजलं. मग आपल्या मुलांचा एक फायनल इयर प्रोजेक्ट तरी मेळघाटाच्या कामी यायला काय हरकत आहे? फक्त एक पथ्य पाळायचं. नेमक्या जागा कुठेही जाहीर करायच्या नाहीत. मुसळीचा नकाशा म्हणजे चोराला दिलेला पत्ता. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावाची स्वतःची लोक जैवविविधता नोंदवही असते, ती माहिती त्यांच्या हाती द्यायची. ठेवायची का उघडायची ते त्यांचं ते ठरवतील.

आणि होस्टेलवासीयांसाठी दोनच गोष्टी. पावसाळ्यात चिखलदऱ्याला जाल तेव्हा रस्त्याकडेचं पांढरं फूल दिसलं तर फोटो काढा, खणून कुंडीत लावायला आणू नका, ते आपल्या गॅलरीत जगत नाही. आणि तो खिडकीतला डबा विकत घेताना दुकानदाराला विचारा, "शेतातली का रानातली?" त्याला उत्तर येणार नाही. पण दहा जणांनी विचारलं तर अकराव्याच्या वेळेपर्यंत त्याला उत्तर शोधून ठेवावं लागेल.

आपल्यातले बरेच जण चार-पाच वर्षांत कुठल्या तरी साइटवर उभे असतील. समोर जेसीबी असेल, हातात ड्रॉइंग असेल, काम सुरू करायची घाई असेल आणि जमीन अगदी मोकळी, वाळलेली दिसेल. त्या वेळी ड्रायव्हरला हात दाखवून थांबवायचा अधिकार वनखात्याकडे नाही तर आपल्याकडे असेल. इथे पावसाळ्यात काय येतं, एवढा एक प्रश्न गावातल्या माणसाला विचारायला पाच मिनिटं लागतात.

येत्या जुलैत जायला कोण कोण तयार आहे? नावं मराठी विभागाकडे द्या. रेनकोट आपापला आणायचा!